युक्का फुलतो, पण फळ का धरत नाही?

नर्सरीत युक्का बहुतेकदा ओंडक्याच्या रूपात भेटतो. जाडजूड खोड, वरून करवतीनं सपाट कापलेलं, आणि कापाच्या जरा खालून फुटलेले लांब पानांचे दोन-तीन झुबके. हा युक्का गिगँटिया. पानांची टोकं फारशी बोचरी नसल्यानं घरात ठेवायला हाच बरा. दुसरा, युक्का अलोइफोलिया, याच्या पानाचं टोक दाभणासारखं टोचतं. मुलं खेळतात तिथे तो लावू नये.

युक्का मूळचा अमेरिका खंडातला, घायपाताच्या कुळातला. मात्र घायपात एकदा फुलला की मरतो. युक्काच्या बहुतेक जाती फुलोऱ्यानंतरही जगतात, शेंड्याखालून नवे फुटवे काढतात. जमिनीत लावलेल्या, भरपूर ऊन मिळणाऱ्या जुन्या झाडाला पांढऱ्या घंटांचा उंच तुरा येतो. दिवाणखान्यातल्या कुंडीत तो सहसा येत नाही.

आपल्याकडे हा तुरा बहुधा फळ न धरताच वाळतो. यात दोष खताचा नाही, पाण्याचाही नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांना 1872 मध्ये लक्षात आलं की युक्काचं परागण एक छोटा पांढरा पतंग करतो. मिसूरीचे राज्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी त्याचा पाठपुरावा केला. त्यांना जे दिसलं त्यावर आजही पटकन विश्वास बसत नाही.

या पतंगाच्या मादीच्या तोंडाशी दोन वळणदार सोंडा असतात. त्यांनी ती चिकट पराग खरवडते, गोळा वळते आणि हनुवटीखाली धरून दुसऱ्या फुलाकडे उडते. तिथे फुलाचं अंडाशय भोसकून आत अंडी घालते आणि मग वर चढून परागाचा गोळा कुक्षीच्या, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकाच्या, खळग्यात दाबून बसवते. इतर कीटकांच्या अंगाला पराग चुकून लागतो. ही मात्र तो मुद्दाम नेऊन ठेवते. त्यात तिचा स्वार्थ आहे, कारण बी धरलं तरच अळ्यांना खायला मिळणार. अळ्या थोडं बी खातात, उरलेलं झाडाला राहतं. आणि लोभ करून फार अंडी घातली, तर झाड ते फूलच गाळून टाकतं! डार्विननं 1874 च्या एका पत्रात परागणाचं हे आजवरचं सर्वांत अद्भुत उदाहरण ठरवलं होतं.

झाडं जहाजांतून जगभर गेली, पतंग अमेरिकेतच राहिला. अलोइफोलिया थोडा अपवाद आहे. मधमाश्यांमुळेही त्याला फळ धरल्याची नोंद आहे.

बी सहसा मिळत नाही, म्हणून आपण युक्का वाढवतो तो छाट कलमानं. वीतभर खोड कापून पाच-सहा दिवस सावलीत ठेवायचं, काप सुकू द्यायचा, मगच मातीत लावायचं. ओल्या कापातून बुरशी शिरते. खालचं टोक खालीच राहील हे पाहा. पानं काढल्यावर गोंधळ होतो. मातीत निम्मी जाड वाळू किंवा बारीक मुरूम हवा आणि कुंडीच्या तळाचं भोक मोकळं हवं. बोट घालून पाहावं, वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच पाणी. युक्का तहानेनं क्वचित मरतो, मुळं कुजून हमखास मरतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर कुंडी पागोळ्यांपासून दूर, वळचणीच्या आत घ्यावी.

‘युक्का रात्री ऑक्सिजन देतो’ ही जाहिरात मात्र सोडून द्या. अलोइफोलिया पाणी वाचवण्यासाठी रात्री पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतो, एवढं खरं. ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो. शिवाय सगळे युक्का असं करत नाहीत: फिलामेंटोसा ही जात साध्या झाडांसारखी दिवसाच पर्णरंध्रं उघडते, आणि या दोघांच्या संकरातून झालेली ग्लोरिओसा अधलंमधलं वागते.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर झाड त्याच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा. पानांतल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे उलट्या होतात. हेच सॅपोनिन पाण्यात फेस करतं, म्हणून अमेरिकेतले मूळ रहिवासी युक्काच्या मुळांनी केस धूत.

तुरा आलाच आणि हौस असेल, तर पतंगाचं काम आपणही करू शकतो. संध्याकाळी उमललेल्या ताज्या फुलातला पराग काडीच्या टोकानं उचलायचा, शक्यतो दुसऱ्या झाडावरच्या फुलापाशी न्यायचा आणि कुक्षीच्या मधल्या खळग्यात आत दाबायचा. वरवर ब्रश फिरवून भागत नाही, पराग खोल जावा लागतो.