'सगळेच ओढतात' हे खरं नाही

'कॉलेजात सगळेच ओढतात', 'मोठी माणसं तर ओढतातच' हे सिगारेटबद्दल वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2000 साली जगातल्या साधारण दर तीन प्रौढांमागे एक जण तंबाखू वापरत होता. 2022 पर्यंत हे प्रमाण पाचात एकावर आलं. त्यात न ओढता खाल्लेली तंबाखूही धरलेली आहे, म्हणजे धूम्रपान त्याहून कमीच. 13 ते 15 वयोगटातही न वापरणारेच बहुसंख्य आहेत.

मग गैरसमज का टिकतो? कोपऱ्यावरच्या घोळक्यात दोघांच्या बोटांत सिगारेट असते, धूर चौघांभोवती फिरतो. बघणाऱ्याला चौघेही ओढणारे वाटतात. आणि मला खरी काळजी इथेच वाटते: 'सगळेच ओढतात' असं वाटलं की पोरं एकटं पडायच्या भीतीनं पहिला झुरका घेतात.