‘फिल्म न्वार’ हॉलिवूडने ठरवून काढले नव्हते

१९४०च्या दशकात हॉलिवूडने फिल्म न्वार हा काळोख्या गुन्हेकथांचा चित्रपटप्रकार ठरवून सुरू केला, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. हे चित्रपट बनत होते तेव्हा अमेरिकेत त्यांना मेलोड्रामा किंवा गुन्हेपट म्हणत. जर्मन अंमलाखालच्या फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपटांना बंदी होती. युद्ध संपल्यावर ते एकदम पडद्यावर आले आणि त्यांतला काळोख, नीतीचा तोल सुटलेली माणसे तिथल्या समीक्षकांच्या डोळ्यांत भरली. १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकांनी या चित्रपटांना ‘न्वार’, म्हणजे काळे, म्हटले. अमेरिकेत हा शब्द रुळायला १९७०चे दशक उजाडले. खिडकीच्या पडद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या, नायकाचे निवेदन, फ्लॅशबॅक ही लक्षणे मागाहून जुळवलेली आहेत. निवेदन नाही म्हणून एखादा चित्रपट न्वारमधून बाद करणे मला चुकीचेच वाटते.