रेचलची दोन स्थळं : ‘द मूनस्टोन’मधल्या प्रेमकथेमागचा कायदा आणि पैसा

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ वाचून झाली की एक वाद हमखास निघतो. रेचल व्हेरिंडरने फ्रँकलिन ब्लेकला पसंत करावं असं त्याच्यात होतं तरी काय? आणि गॉडफ्रे एबलव्हाइट देखणा, गोडबोल्या, चार संस्थांत मानाचा. मग त्याच्याबद्दल आपल्या मनात आधीपासून पाल का चुकचुकते? या वादाला मजा आहे, पण तो बहुतेक वेळा दोघांच्या स्वभावापाशीच घुटमळतो. १८६८ मध्ये दर आठवड्याला ही गोष्ट वाचणाऱ्या इंग्रज वाचकाच्या हातात आणखी एक तराजू होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचं काय काय नवऱ्याचं होणार, हे त्या तराजूवर मोजलं जाई. तो तराजू समजून घेतला की रेचलच्या दोन्ही स्थळांचं वजन बदलतं.

(पुढे रहस्य फुटणार आहे. कादंबरीला दीडशेहून जास्त वर्षं झाली, तेव्हा माफी मागत नाही.)

आधी घरातली नाती. फ्रँकलिन आणि गॉडफ्रे दोघेही रेचलचे मावसभाऊ. तिघांच्या आया सख्ख्या बहिणी आणि जो शापित हिरा, म्हणजे ‘मूनस्टोन’, सगळ्यांच्या मुळावर येतो, तो रेचलला ठेवून जाणारा कर्नल हर्नकॅसल या बहिणींचा भाऊ, म्हणजे तिघांचा मामा. मराठी वाचक इथेच थबकतो. मामाची मुलगी करणं आपल्याकडे अनेक घरांत चालत आलेलं आहे, पण मावसभाऊ म्हणजे सख्ख्यासारखाच. इंग्लंडमध्ये हा भेद नव्हता. चुलत, आते, मामे, मावस सगळ्यांना एकच शब्द आणि सगळ्यांशी लग्नाला कायद्याची परवानगी. खुद्द व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये लग्न केलं ते मामेभावाशी. त्याच्या आदल्याच वर्षी चार्ल्स डार्विनने मामाची मुलगी केली. जमीनजुमला असलेल्या घरांना अशी लग्नं सोयीची वाटत, कारण इस्टेट घरातच राही. त्यामुळे दोन मावसभाऊ एकाच मुलीभोवती घिरट्या घालतात, याचं कादंबरीत कुणालाच नवल वाटत नाही.

नवल वाटतं ते कोण जिंकणार याचं. व्हेरिंडरांचा म्हातारा घरकारभारी बेटरेज आपल्याला दोन्ही उमेदवार दाखवतो, तेव्हा गॉडफ्रेचं पारडं सरळ जड दिसतं. सहा फूट उंची, गोरागुलाबी चेहरा, सोनेरी केस, वकिलीची सनद आणि बायकांच्या धर्मादाय संस्थांचा आधारस्तंभ. फ्रँकलिन मात्र जर्मनी, फ्रान्स, इटली फिरून आलेला, प्रत्येक देशाचा थोडा थोडा रंग चढलेला आणि जाईल तिथे उधारी करणारा. बेटरेजची मुलगी पेनेलोपी मात्र पहिल्यापासून फ्रँकलिनच्या बाजूची. गड्यामाणसांच्या जेवणघरात मालकिणीच्या मुलीच्या लग्नाचा असा खल चालतो, हे कॉलिन्सने फार छान टिपलं आहे. घरातली माणसं स्थळ जोखतात ते रूप, वागणूक आणि प्रतिष्ठा बघून. वकील जोखतो ते कागद बघून. कादंबरीत शेवटी कागदाचाच निकाल खरा ठरतो.

तर हा कागद काय होता?

इंग्लंडच्या सामान्य कायद्यात (‘कॉमन लॉ’, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत आलेला कायदा) लग्न झालं की नवरा-बायको मिळून एकच व्यक्ती उरे आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची रोकड, दागिने, रोखे, पुढे ती कमावेल तो पैसा, सगळं त्याचं. तिच्या जमिनीची विक्री तिच्या संमतीशिवाय करता येत नसे, पण जमिनीचं उत्पन्न तोच खाई. आपल्याकडे स्त्रीधन ही निदान कागदावर तरी वेगळी गोष्ट होती. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात तेवढाही आडोसा नव्हता. श्रीमंत घरांनी त्यावर तोड काढली होती. चॅन्सरी हे सामान्य कायद्यापलीकडे न्यायबुद्धीने निकाल देणारं न्यायालय विश्वस्तांच्या ताब्यातली मिळकत मान्य करी. म्हणून मुलीचा बाप लग्नाआधी वकील गाठे, करारनामा करी आणि मुलीची मिळकत विश्वस्तांच्या नावे बांधून टाकी. थोडक्यात, ज्याला वकील परवडे त्याच्या मुलीला एक कायदा आणि बाकीच्यांच्या मुलींना दुसरा.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने. नवऱ्याने मुलं हिरावली आणि लिहून मिळवलेल्या पैशावरही हक्क सांगितला. तिच्या धडपडीतून १८३९ चा मुलांच्या ताब्याचा कायदा झाला आणि १८५५ मध्ये तिने थेट राणीला उद्देशून पत्र छापलं. १८५६ मध्ये बार्बरा ली स्मिथ आणि तिच्या सहकाऱ्यांनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसाठी सुमारे २६,००० सह्यांचा अर्ज संसदेपुढे ठेवला. १८५७ मध्ये घटस्फोटाचं न्यायालय आलं, मालमत्तेचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. त्यावरचं विधेयक संसदेत पुन्हा आलं ते १८६८ मध्ये. म्हणजे ‘द मूनस्टोन’ चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकात ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट असे बत्तीस आठवडे चालू होती, त्याच वर्षी. कमाई आणि छोटे वारसे बायकोचेच, असं म्हणणारा अर्धामुर्धा कायदा १८७० मध्ये झाला, पुरता कायदा १८८२ मध्ये.

१८७० च्या त्या कायद्याचीच एक धाकटी बहीण आपल्या ओळखीची आहे. विम्याचा एजंट घरी येऊन ‘एमडब्ल्यूपी ॲक्टखाली पॉलिसी घ्या, बायकामुलांचे पैसे सावकाराला लागणार नाहीत’ असं सांगतो, तो कायदा म्हणजे १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. हिंदू नवऱ्यांच्या पॉलिसीला तो बऱ्याच उशिरा लागू झाला. पण नवऱ्याच्या देण्यापासून बायकोचा पैसा वेगळा बांधायचा, ही कल्पना त्याच काळाची.

कॉलिन्सने कथा मात्र वीस वर्षं मागे, १८४८ मध्ये ठेवली. कारणं बरीच असतील. कोहिनूर इंग्लंडला पोचायच्या आधीचा काळ त्याला सोयीचा होताच. पण स्थळांच्या दृष्टीने त्याचा परिणाम फार टोकदार झाला. १८४८ मध्ये इंग्लंडात पुरता घटस्फोट हवा असेल तर संसदेत खास त्यासाठी कायदा करून घ्यावा लागे. हजारो पौंडांचं काम आणि ते बायकोला साधणं जवळपास अशक्य. रेचलने चुकीच्या माणसाला होकार दिला असता तर परतीची वाट नव्हती. १८६८ चा वाचक घटस्फोटाच्या बातम्या रोज पेपरात वाचत होता आणि रेचलकडे ती सोय नाही हे त्याला माहीत होतं.

आता गॉडफ्रेचा हिशेब. हे गणित मला सगळ्या कादंबरीत सर्वांत सुबक वाटतं. त्याच्याकडे एका अज्ञान मुलाचे वीस हजार पौंड विश्वस्त म्हणून ठेवलेले. ते त्याने उडवलेले. मुखत्यारपत्र बनावट, उपनगरात एक बंगला आणि त्यात एक बाई. मूळ रक्कम द्यायची १८५० मध्ये, मुलगा सज्ञान होईल तेव्हा. तोवर दर सहा महिन्यांना तीनशे पौंड द्यायचे आणि पुढचा हप्ता २४ जूनचा. रेचलचा अठरावा वाढदिवस २१ जूनला, त्याच दिवशी हिरा तिच्या हाती येतो. बापाकडे पैसे मागून झाले, नकार मिळाला. मग वाढदिवसालाच बागेत गुलाबांच्या ताटव्यापाशी तो तिला मागणी घालतो. तिथेही नकार. त्याच रात्री फ्रँकलिन अफूच्या गुंगीत हिरा उचलतो आणि बँकेत ठेव म्हणून गॉडफ्रेच्याच हाती देतो. हिऱ्याची कमीत कमी किंमत किती म्हणून सांगितली आहे? वीस हजार पौंड. कॉलिन्सने हा आकडा सहज दोनदा लिहिला असेल, असं मला वाटत नाही.

धर्माच्या व्यासपीठावरचा हा अफरातफर करणारा माणूस त्या काळच्या वाचकाला हवेतून आलेला वाटला नसणार. लंडनच्या स्ट्रँडवरची स्ट्राहन, पॉल अँड बेट्स ही जुनी पेढी १८५५ मध्ये बुडाली. तिचा भागीदार सर जॉन डीन पॉल हा धर्मकार्यात नाव असलेला गृहस्थ. ग्राहकांनी विश्वासाने ठेवलेले रोखे पेढीने परस्पर वापरल्याचं सिद्ध झालं आणि तिन्ही भागीदारांना चौदा वर्षांची हद्दपारीची शिक्षा झाली. दोन वर्षांनी विश्वस्ताने केलेला अपहार हा फौजदारी गुन्हा ठरवणारा कायदा आला. एक्झिटर हॉल हे त्याच स्ट्रँडवरचं धार्मिक सभांचं मोठं सभागृह. कॉलिन्सने बेटरेजला लंडनमध्ये दोन करमणुकी घडवल्या आहेत: एक नाचणारीचा खेळ आणि दुसरी एक्झिटर हॉलमधलं गॉडफ्रेचं भाषण. म्हाताऱ्याला दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. इशारा तिथेच देऊन ठेवलेला आहे, आपण हसण्याच्या नादात पुढे जातो.

मग रेचलची आई वारते आणि खरी परीक्षा होते ती एका कचेरीत. डॉक्टर्स कॉमन्स म्हणजे सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळचा जुन्या धर्मन्यायालयांचा आणि त्यांच्या वकिलांचा वाडा. लग्नाचा खास परवाना तिथून मिळे आणि मृत्युपत्रंही तिथेच दाखल होत. एकाच दारातून नवरदेव आणि वारस आत-बाहेर करत. कुणीही एक शिलिंग भरावं आणि कुणाचंही मृत्युपत्र वाचावं, असा नियम. व्हेरिंडरांच्या वकिलाला, मि. ब्रफला, कळतं की लेडी व्हेरिंडरचं मृत्युपत्र कुणीतरी वाचून गेलं. छडा लावतो तर ते वाचणाऱ्या वकिलाचा अशील निघतो गॉडफ्रे. तोवर रेचलने त्याला दुसऱ्या मागणीत होकार दिलेला असतो, प्रेमापोटी नव्हे, एका उद्ध्वस्त मनःस्थितीत. ब्रफने मृत्युपत्र असं बांधलेलं असतं की रेचलला हयातीपुरता उपभोग. घरं राहायला, उत्पन्न खर्चायला. पण तिला किंवा तिच्या नवऱ्याला त्यावर सहा पेन्सही उचलता येणार नाहीत. गॉडफ्रेला उत्पन्न नको होतं, एकरकमी वीस हजार हवे होते. ब्रफकडून हे कळल्यावर रेचल लग्न मोडते आणि नवरदेव तक्रारीचा एक शब्द न काढता मोकळा होतो. दिलेलं वचन मोडल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येणाऱ्या त्या देशात एवढी शांतता हाच पुरावा. थयथयाट करतो तो त्याचा बाप.

कॉलिन्सला हे सारं आतून ठाऊक होतं. तो लिंकन्स इन या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या संस्थेत कायदा शिकला, १८५१ मध्ये बॅरिस्टर झाला, वकिली मात्र केली नाही. लग्नाच्या कायद्यांवर आयुष्यभर तुटून पडला आणि स्वतः कधी लग्न केलं नाही. कॅरोलाइन ग्रेव्ह्ज आणि मार्था रड अशा दोघींबरोबर त्याचे दोन संसार होते. कादंबरी संपली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कॅरोलाइनने दुसऱ्याच माणसाशी लग्न केलं आणि थोड्या वर्षांत ती कॉलिन्सकडे परत आली. लिखाण चालू असताना मार्च महिन्यात त्याची आई वारली, संधिवाताने तो अंथरुणाला खिळला, अफूच्या अर्काचे डोस वाढत गेले. फ्रँकलिनला न सांगता पाजलेली अफू कुठून आली, याचा शोध फार लांब घ्यावा लागत नाही.

संशयाची बाजूही घडलेल्या घटनेवरून उचललेली. १८६० मध्ये रोड हिल हाउसमध्ये एका लहान मुलाचा खून झाला. लंडनचा डिटेक्टिव्ह जॅक व्हिचर याने हरवलेल्या रात्रीच्या झग्यावरून घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलीवर बोट ठेवलं आणि घरंदाज मुलीवर आळ घेतला म्हणून त्याची छीःथू झाली. पाच वर्षांनी तिने कबुली दिली. झगा आणि घरच्या मुलीवर संशय घेणारा डिटेक्टिव्ह, दोन्ही ‘द मूनस्टोन’मध्ये आले. फक्त इथे मुलगी निर्दोष आहे आणि गप्प आहे, कारण चोरी तिने डोळ्यांनी पाहिली आहे आणि चोर तिच्या मनातला माणूस आहे.

आता फ्रँकलिन. खरं सांगायचं तर हे स्थळ मला तरी फार मोठं वाटत नाही. तो चंचल आहे, बेफिकीर आहे. रोझॅना स्पिअरमन या मोलकरणीचा जीव त्याच्यावर जडला, हे तिने दलदलीत जीव दिला तरी त्याला उमगलेलं नसतं. रेचल त्याला चोर मानते याचंही कारण आहे: त्याच्या कर्जाची गोष्ट तिला आधीच कळलेली असते. त्याच्या बाजूला एकच ठोस गोष्ट. तिला वास आवडत नाही म्हणून त्याने सिगार सोडले, त्यातून झोप उडाली आणि त्यातून सगळं रामायण घडलं. दोघेही कर्जबाजारी, फरक इतकाच की फ्रँकलिनचं कर्ज सगळ्या घराला ठाऊक आणि गॉडफ्रेचं कुणालाच नाही.

कॉलिन्सने इथे एक चलाखी केली आहे आणि ती क्वचितच कुणी बोलून दाखवतं. पुस्तकाच्या मध्यावर फ्रँकलिनचा बाप मरतो आणि तो मोठ्या संपत्तीचा धनी होऊन परततो. निर्दोषत्वाचा पुरावा गोळा करायला तो बाहेर पडतो तेव्हा त्याला रेचलच्या पैशाची गरजच उरलेली नसते. गरजू फ्रँकलिनची परीक्षा लेखकाने घेतलीच नाही. जून १८४९ मध्ये पुन्हा अफू देऊन ती रात्र जशीच्या तशी घडवायचा प्रयोग ठरतो. तो यशस्वी होण्याआधीच रेचल आपला विश्वास कळवते आणि गुपचूप त्या घरी येऊन थांबते. ऑक्टोबरमध्ये लग्न होतं. हयातीपुरत्या उपभोगाची अट फ्रँकलिनलाही तितकीच लागू होती. त्याने डॉक्टर्स कॉमन्समध्ये जाऊन एक शिलिंग भरल्याचं कादंबरीत कुठे आलेलं नाही.