प्रोटोटाइप करायला येताय? टीमने एकदा हे वाचून घ्या

कॉलेजच्या सबमिशनच्या आदल्या आठवड्यात आमच्या लेझर कटिंग-थ्रीडी प्रिंटच्या काउंटरवर ठरलेला संवाद होतो. चार-पाच जण येतात, एकाच्या हातात पेनड्राइव्ह असतो. "काका, एवढं थ्रीडी प्रिंट करून द्या." आम्ही विचारतो, "यातून काय तपासायचंय?" मग चौघं एकमेकांकडे बघतात आणि पाचवा म्हणतो, "सर म्हणाले प्रोटोटाइप, म्हणजे वस्तूचा चाचणी-नमुना, आणा."

प्रिंट आम्ही करून देऊच, धंदाच आहे तो. पण त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आलात, तर निम्म्या पैशांत काम होतं.

एका टीमचं उदाहरण सांगतो. मनगटात जोर नसलेल्यांसाठी, ओट्याला अडकवायची नारळाची खवणी त्यांना करायची होती. स्क्रीनवर सगळी खवणी तयार, स्क्रूसकट. त्यांनी ती अख्खी प्रिंट करून घेतली. ओट्याला लावून पहिला जोर दिला आणि अडकवायचा चाप थरांच्या रेषेत कडकन दुभंगला. प्रिंट थरांवर थर चढवून होते. थर एकमेकांपासून सुटतील अशा दिशेने ताण आला की ती हमखास तिथेच तुटते.

खरं तर त्यांचे प्रश्न तीन होते. मूठ हातात बसते का, खवणी हलते का आणि खोबरं कुठे पडतं? मुठीसाठी शाडूचा गोळा पुरला असता. ओल्या शाडूवर घरातल्या आजीची पकड घ्यायची, तिची बोटं जिथे रुततात तोच आकार. खवणी हलते का हे बघायला पुण्यातल्या बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारातून तयार सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) आणून लाकडी फळीला लावायचा. खोबरं पडायची जागा तर खोक्याच्या पुठ्ठ्याचा ताट-आडोसा करूनही कळते. पुढे त्यांनी हेच केलं आणि प्रिंट केली ती फक्त मूठ, तीही दोनदा.

म्हणून पहिलं मॉडेल घरीच करा, आमच्याकडे येऊ नका. थर्माकोल वापरलात तर स्प्रे पेंट मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. आधी कागद चिकटवा, मग रंगवा. शाडू सावलीत वाळवा, उन्हात ठेवलात तर तडे जातात.

लेझर कटिंग

सर्वात जास्त वाया जाणारा माल इथला, आणि कारण जवळजवळ नेहमी तुकडे एकमेकांत अडकवायच्या खाचांचं माप. बाजारात 3 मिमी म्हणून मिळणारं अॅक्रिलिक मोजलं तर कित्येकदा 2.8 भरतं. शिवाय लेझर रेघेच्या जागी थोडा माल जाळतो. आमच्या मशीनवर साधारण 0.2 मिमी जातो. म्हणजे तुम्ही 3 मिमीची खाच काढलीत तर ती 3.2 होते, त्यात 2.8 चा तुकडा घालायचा. खोका खुळखुळणारच. त्या शीटला खाच 2.6 ची काढावी लागते. पण आकडा पाठ करू नका, दर शीटला तो बदलतो. आम्ही तुमच्याच शीटच्या कडेला 2.5 पासून 2.9 पर्यंत खाचांचा एक छोटा कंगवा कापून देतो. त्याचे पैसे घेत नाही. तुकडा कुठल्या खाचेत हाताने दाबून घट्ट बसतो ते बघा आणि मग फाइल पक्की करा.

फाइल डीएक्सएफ (रेघांच्या ड्रॉइंगचा फाइल प्रकार) हवी, मिलिमीटरमध्ये. लाल रेघ म्हणजे कट, काळी म्हणजे एनग्रेव्ह, नुसतं वरवर कोरणं. एकावर एक दोन रेघा राहिल्या असतील तर मशीन दोनदा कापतं आणि कडा जळते, म्हणून त्या आधीच पुसा. मजकुराचे फॉन्ट कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेघांमध्ये, बदलून आणा, नाहीतर आमच्या कॉम्प्युटरवर तुमच्या देवनागरीची काय खिचडी होते ते बघवत नाही.

पीव्हीसी आम्ही कापत नाही, कितीही गळ घातलीत तरी. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. माणसाच्या छातीलाही वाईट आणि मशीनलाही. फोरेक्स नावाची शीट म्हणजे पीव्हीसीच. सनबोर्ड म्हणून मिळणारा बराचसा मालही तोच असतो, तेव्हा तो कटरने कापा. अॅक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडायचं असेल तर आमच्याकडे पंख्याखाली जोडा. होस्टेलच्या बंद खोलीत हा उद्योग नको.

थ्रीडी प्रिंट

थ्रीडी प्रिंटसाठी द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये मापाचं एकक नसतं. इंचात काढलेला भाग आमच्याकडे मिलिमीटर म्हणून उघडला की पंचवीसपट लहान दिसतो. लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहून आणा. भिंत 1.2 मिमीपेक्षा पातळ नको. एकमेकांत सरकणाऱ्या भागांमध्ये 0.3 मिमी फट ठेवा. पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त बाहेर झुकलेल्या भागाला खालून आधार लागतो, आणि तो काढल्यावर तिथला पृष्ठभाग खरखरीत राहतो. दिसणारी बाजू कुठली ते सांगा, मग त्यानुसार भाग कसा उभा करायचा ते आम्ही ठरवतो.

रोजचं काम पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये होतं. ते साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेलं मॉडेल ज्युरीपर्यंत (परीक्षकांपर्यंत) वाकडं होऊन पोचल्याचं आम्ही पाहिलंय. गरम पाणी, तापणारी इलेक्ट्रिक मोटर किंवा ऊन यांच्याशी संबंध असेल तर पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक मागा. आणि वेळ धरा, मुठीएवढ्या भागाला सहज पाच-सहा तास जातात. रात्री नऊला फाइल देऊन सकाळी आठला पाच भाग मागणाऱ्यांना आम्ही चहा देतो, भाग देऊ शकत नाही.

आत सर्किट बसवायचं असेल तर आधी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सामान प्रत्यक्ष विकत घ्या, मगच खोका काढा. नेटवरच्या चित्रातलं बोर्ड आणि हातातलं बोर्ड यांच्या स्क्रूच्या भोकांत फरक निघतो. बॅटरी आणि तिची वायर वळायला लागणारी जागा तर सगळेच विसरतात.

वेळ आणि पैसे

लेझरचं बिल मिनिटांवर, प्रिंटचं ग्रॅमवर. गणपतीच्या आधीचे तीन-चार आठवडे मशीनवर मखरांची कामं असतात, तेव्हा विद्यार्थ्यांची कामं फक्त सकाळी घेतो. आम्ही भोसरीच्या औद्योगिक भागात आहोत, तिथल्याप्रमाणे आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, रविवारी चालू.

येताना अख्खी टीम नको, दोघं पुरे. पण त्यातल्या एकाला बदल मान्य करायचा अधिकार असावा. नाहीतर 2 मिमीच्या निर्णयासाठी ग्रुपवर मेसेज जातो आणि मशीन थांबून राहतं. घरी केलेलं पुठ्ठ्याचं मॉडेल, चेपलेलं असलं तरी, सोबत आणा. फाइल उघडण्याआधी आम्ही तेच बघतो.