शाश्वत सार्वजनिक खरेदी

शासकीय खाती, महापालिका, जिल्हा परिषदा आणि सार्वजनिक उपक्रम वस्तू, सेवा व बांधकामे विकत घेताना किमतीसोबत पर्यावरणावरचा आणि समाजावरचा परिणामही निविदेच्या अटींत धरतात, त्या पद्धतीस शाश्वत सार्वजनिक खरेदी म्हणतात. विचार केवळ पर्यावरणापुरता असेल तर ‘हरित खरेदी’ हा शब्द वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी १२.७ हे लक्ष्य याच विषयाचे आहे. युरोपीय संघात सार्वजनिक खरेदी एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १४ टक्के भरते. एवढा मोठा ग्राहक काय मागतो यावर कारखान्यात काय बनते हे ठरू लागते.

भारतात सार्वजनिक खरेदीचा सर्वसाधारण कायदा नाही. २०१२ चे विधेयक पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. केंद्रीय खाती ‘सामान्य वित्तीय नियम २०१७’ पाळतात. महाराष्ट्रात उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे. केंद्राच्या नियम १७३ मध्ये अधिसूचित विद्युत उपकरणे किमान ठरावीक तारांकनाचीच (वीजबचतीनुसार मिळणाऱ्या ताऱ्यांचीच) घ्यावीत अशी स्पष्ट तरतूद आहे, आणि हरित खरेदीचा भारतातला सर्वांत पक्का आधार तोच. कारण बोली तांत्रिक आणि आर्थिक अशा दोन लिफाफ्यांत येते, आणि अशी किमान अट तांत्रिक लिफाफ्यातच लागू होते. ती न पाळणाऱ्याचा आर्थिक लिफाफा उघडतच नाही. त्यामुळे पुढे न्यूनतम दराचा, म्हणजे ‘एल-वन’चा नियम जसाच्या तसा लावला तरी हरकत येत नाही. लेखापरीक्षणाला घाबरणाऱ्या अधिकाऱ्यासाठी हा मार्ग सर्वांत सुरक्षित आहे. दुसरी वाट गुणांकनाची, ती अधिक अवघड. २०२१ च्या केंद्रीय सूचनांनी बांधकामे व बिगर-सल्लागार सेवांसाठी गुणवत्ता-किंमत पद्धतीस (दोन्हींचे गुण एकत्र धरून निवड करण्यास) मुभा दिली, पण किमतीबाहेरच्या निकषांचे वजन ३० टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

तिसरी रीत आयुर्मान-खर्चाची, म्हणजे खरेदीची किंमत आणि वस्तूच्या आयुष्यभराचा चालवण्याचा खर्च एकत्र धरण्याची. कार्यालयातला छताचा पंखा घ्या. साधा पंखा ७५ वॅटचा, किंमत १,६०० रुपये; बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या) मोटरचा ३० वॅटचा, किंमत ३,००० रुपये, असे धरू. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस चालला तर पहिला वर्षाला २२५ युनिट खातो, दुसरा ९०. युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाची बचत १,३५० रुपये, म्हणजे जादा दिलेले १,४०० रुपये वर्षभरात जवळपास वसूल. दहा वर्षांचा हिशेब २४,१०० विरुद्ध १२,००० रुपये (व्याज न धरता). एल-वन मात्र १,६०० वालाच ठरतो. इतकी सरळ वजाबाकी कार्यालयात का होत नाही? पंखा एका लेखाशीर्षातून येतो आणि वीजबिल दुसऱ्यातून जाते. बचत ज्याच्या खात्यात दिसते तो मागणीपत्रावर सही करत नाही. म्हणून तासांची संख्या, वीजदर, आयुष्याची वर्षे आणि सूत्र हे सगळे निविदेतच छापावे लागते. निविदा उघडल्यावर सूत्र ठरवले, तर ते कोणासाठी तरी ठरवले असा आरोप होणारच.

तारांकनाची अट लिहितानाही एक नेहमीची चूक होते. ऊर्जा दक्षता ब्यूरो तारांकनाचे तक्ते काही वर्षांनी कडक करते. स्प्लिट एसीसाठी पाच ताऱ्यांची किमान कार्यक्षमता २०१८ च्या तक्त्यात ४.५ होती, जुलै २०२२ पासून ५ झाली. नुसते ‘फाइव्ह स्टार’ लिहिले की पुरवठादार जुन्या लेबलचा साठा खपवायला बघतो. लेबलचा कालावधी किंवा थेट आकडा लिहिलेला बरा.

निकष कायद्याच्या कसोटीवर कसा उतरतो, याचा पायंडा हेलसिंकीच्या बसगाड्यांनी घातला. १९९७ च्या निविदेत शहराने नायट्रोजन ऑक्साइड ४ ग्रॅम प्रति किलोवॅट-तासापेक्षा कमी आणि आवाज ७७ डेसिबलपेक्षा कमी असलेल्या बसना जादा गुण ठेवले. कंत्राट शहराच्याच वाहतूक विभागाला मिळाले, हरलेली कंपनी न्यायालयात गेली. २००२ मध्ये युरोपीय न्यायालयाने असे गुण वैध ठरवले. निकष खरेदीच्या विषयाशी निगडित हवा, आधी जाहीर हवा, खरेदीदाराला अमर्याद मोकळीक देणारा नको आणि भेदभाव करणारा नको, एवढे त्याने बजावले. निकष मोजकेच बोलीदार पूर्ण करू शकतात, एवढ्यावरून तो रद्द होत नाही.

मुंबईत बेस्टच्या २०२२ मधील विद्युत बसच्या निविदेचा वाद याहून बारीक शब्दांवर अडला. एका चार्जिंगवर २०० किलोमीटर धाव ‘प्रत्यक्ष परिस्थितीत’ हवी, अशी अट होती. एका बोलीदाराने ती प्रमाणित चाचणीच्या परिस्थितीत देऊ केली आणि तो अपात्र ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२३ मध्ये ती अपात्रता कायम राहिली. चाचणीच्या ट्रॅकवरचे २०० किलोमीटर आणि पावसाळ्यात, एसी लावून, दादरच्या गर्दीतले २०० किलोमीटर हे दोन वेगळे आकडे आहेत. धाव, भार, एसी, बॅटरीत उरवायचा टक्का हे सगळे अटीतच हवे.

विद्युत बस आता बहुतेक वेळा विकत घेत नाहीत. ठेकेदार बस आणि चालक पुरवतो, परिवहन उपक्रम प्रति किलोमीटर दर व ठरावीक किलोमीटरची हमी देतो, तिकिटाचे पैसे स्वतःकडे ठेवतो. बॅटरीची जोखीम त्यामुळे ठेकेदाराकडे जाते. २०२२ मध्ये पाच शहरांसाठी ५,४५० बसची एकत्रित निविदा निघाली, तीत १२ मीटरच्या बसचा दर ४३.४९ रुपये प्रति किलोमीटरपर्यंत उतरला. मागणी एकवटण्याची ही ताकद एलईडी दिव्यांतही दिसली: २०१४ मधला ३१० रुपयांचा खरेदी दर दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला. दर पाडता येतात. देयके थकली की मात्र पुढच्या निविदेत बोलीदार ती जोखीम दरात घालून मोकळे होतात. २०२४ मध्ये केंद्राने विद्युत बससाठी देयक-सुरक्षा योजना (ठेकेदाराचे पैसे थकू नयेत म्हणून हमी) आणली ती यासाठीच.

बांधकामात राखेच्या विटांचा अनुभव बोलका आहे. १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक वीज केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आत विटा बनवताना त्यांत केंद्रांची राख मिसळणे सक्तीचे केले. पुढे बांधकामात राखेच्या विटांचा वापरही सक्तीचा झाला आणि २०१६ मध्ये त्याची कक्षा ३०० किलोमीटर झाली. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी ही केंद्रे धरली तर विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग तीत येतो. तरीही अंदाजपत्रकात सरकारी दरसूचीतली जुनी लाल विटांची बाब तशीच उतरवली, तर साइटवर लाल वीटच येते. अधिसूचना ठेकेदार वाचत नाही, बाबींची यादी वाचतो.

प्रमाणपत्रांची बाजू लहान उद्योगांना जड जाते. मातीच्या घड्याचे चिन्ह असलेली इकोमार्क योजना १९९१ पासून आहे, २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने आले. पण निविदेत एकाच चिन्हाचे नाव घातले की जेमतेम दोन-तीन उत्पादक उरतात आणि निविदापूर्व बैठकीतच ‘अट कोणासाठी?’ हा प्रश्न येतो. चिन्हामागचे निकष लिहून ‘किंवा समतुल्य चाचणी अहवाल’ जोडणे हा त्यावरचा रुळलेला उपाय. अहवाल राष्ट्रीय मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असावा आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक पुरवलेल्या मालाशी जुळावा. ही शेवटची पडताळणी स्टोअरमध्ये माल उतरवून घेताना व्हायला हवी. मार्चअखेरीस देयक पास करण्याच्या घाईत नेमकी तीच राहून जाते, आणि निविदेत मागितलेल्या ३० वॅटच्या पंख्यांच्या जागी छताला ५० वॅटचे टांगले जातात.