"किती जाड झालीस गं!" म्हंटल्यावर शरीरात काय होतं

इंदूरला मराठी घरातलं लग्न असो, मुंज असो की चैत्रातलं हळदीकुंकू, नमस्कार झाल्या झाल्या "अगं किती जाड झालीस!" किंवा "काय रे, बायको जेवायला देत नाही का?" हे येतंच येतं. आणि बोलणारी मामीच नंतर पंगतीत समोर उभी राहून श्रीखंडाचा आग्रह करते. ह्यात दुखवायचा हेतू नसतो, बहुतेक लोक मायेनंच बोलतात हे मला अगदी मान्य आहे. पण ऐकणाऱ्याच्या शरीरावर ह्या बोलण्याचा काय परिणाम होतो ह्यावर गेल्या वीसेक वर्षांत बराच अभ्यास झालाय आणि तो आपल्या घरांमध्ये पोचायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी हे बोलणं मायेचं असलं तरी अपमान ठरतं का ते बघू. फिजी बेटांवर अ‍ॅन बेकर नावाच्या हार्वर्डच्या डॉक्टर-मानववंशशास्त्रज्ञ काम करत होत्या. तिथे एकमेकांच्या अंगाबद्दल उघड बोलणं ही काळजी करायचीच रीत होती, भरलेलं अंग म्हणजे माणसाची नीट देखभाल होतेय, आणि कोणी वाळलं तर घरच्यांना चिंता. मग 1995 मधे त्या भागात टीव्ही आला. बेकर ह्यांनी शाळकरी मुलींची पाहणी टीव्ही आल्या आल्या केली आणि 1998 मधे परत केली. खाण्याबद्दलच्या बिघडलेल्या वृत्तीचा स्कोअर जास्त असणाऱ्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या, वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या आधी एकही नव्हत्या त्या 11.3 टक्के झाल्या. दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे सगळा दोष टीव्हीवर टाकता येणार नाही, पण मोठ्यांना जे अंग चांगलं वाटत होतं त्याचीच मुलींना लाज वाटायला लागली होती एवढं दिसतं.

मला ह्यात आपल्या आजी आणि नाती दिसतात. जिनं टंचाईचे दिवस काढले त्या आजीला अंगानं भरलेली नात म्हणजे घरात काही कमी नाही ह्याची खूण वाटते, शेजारच्या हिंदी काकूसुद्धा "खाते-पीते घर की लगती हो" कौतुकानंच म्हणतात, पण नात दिवसभर फोनवर फिल्टर लावलेले चेहरे आणि कंबरा बघत असते, तिच्या कानात तेच वाक्य "तू चांगली दिसत नाहीस" असं शिरतं. तेव्हा अपमान आहे का, तर माझ्या मते ऐकणाऱ्याला लागलं तर आहे, बोलणाऱ्याची माया खरी असली तरी.

आता परिणाम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी 2014 मधे 2379 अमेरिकन मुलींची माहिती तपासली. दहा वर्षांच्या असताना त्यांना विचारलं होतं की आई-वडील, भावंडं, मैत्रिणी, शिक्षक ह्यांच्यापैकी कोणी तुला फार जाड आहेस म्हंटलं का, आणि 58 टक्के मुली हो म्हणाल्या. एकोणीस वर्षांच्या झाल्यावर ह्या मुलींमधे लठ्ठपणाची शक्यता बाकीच्यांपेक्षा 1.66 पट निघाली. कोणीही म्हणेल, की त्या आधीच जाड असतील, पण सुरुवातीचं वजन, घरचं उत्पन्न, पाळी कधी आली हे सगळं हिशोबात धरूनही फरक राहिला. आणि घरच्यांचं बोलणं बाहेरच्यांपेक्षा जास्त भारी पडलं, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

मोठ्यांचंही तसंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या 2944 लोकांना चार वर्षं फॉलो केलं, वजनावरून भेदभाव झाला म्हणणाऱ्यांचं वजन सरासरी 0.95 किलो वाढलं आणि बाकीच्यांचं 0.71 किलो उतरलं. म्हणजे "टोकलं की सुधारेल" ही समजूत आकड्यांसमोर टिकत नाही.

अशा पाहण्यांमधून कारण पक्कं सिद्ध होत नाही हे खरं, म्हणून प्रयोगही झाले. 2011 च्या एका प्रयोगात काही बायकांना जाड लोकांची टर उडवणारा व्हिडिओ दाखवला, काहींना साधा, आणि नंतर समोर खायला ठेवलं. वजन जास्त असलेल्या ज्या बायकांनी टर उडवणारा व्हिडिओ बघितला त्यांनी साधा बघणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त कॅलरी खाल्ल्या. शरीरात होतं असं, की लाज वाटली, चारचौघांत उघडं पडल्यासारखं झालं की ताणाचं कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं, आणि ते गोड-तेलकट खायची ओढ वाढवतं, पोटाभोवती चरबी साठवायलाही मदत करतं. त्यात लाज वाटणारा माणूस जिमला किंवा पार्कात जायचंच टाळतो, की लोक बघतील.

आणि वजन म्हणजे नुसता आळस आणि जिभेचे चोचले असंही नाही. डेन्मार्कमधे 540 दत्तक माणसांचा अभ्यास 1986 मधे झाला, त्यांची अंगकाठी जन्म देणाऱ्या आई-वडिलांशी जुळली, सांभाळणाऱ्यांशी नाही. डाएट करून वजन उतरवलं तरी भूक वाढवणारी हार्मोन्स वर्षभरानंतरही चढलेलीच असतात हे 2011 मधे ऑस्ट्रेलियात मोजलं गेलंय.

बारीक माणसं तरी कुठे सुटतात, "फुंकर मारली तर उडशील" ऐकतातच. त्यांना वर सांगतात, "तुला काय, तू खा जिलबी." इथे पुण्याचे डायबिटीसचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन ह्यांचा एकत्र फोटो 2004 मधे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, 22.3, पण युडकिन ह्यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! भारतीय शरीर दिसायला बारीक असलं तरी आत चरबी असू शकते, म्हणून तर आपल्यासाठी बीएमआय 23 पासूनच जपायला सांगतात, आणि कंबर पुरुषांची 90 सेंटिमीटर, बायकांची 80 च्या आत. नुसतं बघून कोणाची तब्येत कळत नाही.

ह्याचा अर्थ वजनावर कोणी बोलूच नये असा नाही, डायबिटीस आणि बीपीचा धोका खरा आहे. डॉक्टरांनी बोलावंच, पण दार लावून, रिपोर्ट समोर ठेवून आणि "वजनाबद्दल बोललं तर चालेल ना?" असं आधी विचारून.

घरच्यांसाठी अमेरिकेतल्या मिनेसोटातला 2013 चा अभ्यास कामाचा आहे. ज्या घरांत आई-वडील मुलांच्या वजनावर बोलायचे तिथली मुलं उपाशी राहण्यासारखे चुकीचे उपाय जास्त करत होती, आणि जिथे फक्त चांगलं काय खावं ह्यावर बोलणं व्हायचं तिथली कमी. म्हणजे मुलीची काळजी वाटत असेल तर तिच्या कंबरेचा विषय न काढता रविवारच्या पोह्यांवरची शेव आणि सोबतची जिलबी सगळ्याच घराची कमी करा, आणि संध्याकाळी पिपल्यापाल्याच्या बागेत चक्कर मारायला तिला एकटीला पाठवू नका, सगळेच जा.