टेम्प्लेटमधले इफ आणि फॉर: हे टॅग आले कुठून?

रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपेज बनवायची जाव्हास्क्रिप्ट लायब्ररी) टर्नरी, म्हणजे एका ओळीतलं 'असं असेल तर हे नाहीतर ते', बघून बघून वैताग आला तेव्हा बऱ्याच जणांसारखा मीपण एक 'इफ' नावाचा कंपोनंट (पेजचा तुकडा बनवणारं फंक्शन) लिहून टाकलेला, चार ओळींचा, कंडिशन खरी असेल तर चिल्ड्रन, म्हणजे टॅगच्या आत लिहिलेलं, परत द्यायचे नाहीतर नल, म्हणजे काहीच नाही. दिसायला झकास. मग कंडिशन ठेवली 'युजर आहे का', आत लिहिलं युजर-डॉट-नेम, आणि युजर नसताना पेज सरळ आडवं. कंडिशन खोटी असताना आतली ओळ चाललीच कशी, हे डोक्यात शिरायला अर्धी दुपार गेली. जेएसएक्सचे, म्हणजे जाव्हास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या या टॅगांचे, शेवटी साधे फंक्शन कॉल होतात आणि फंक्शनला जे द्यायचं ते आधी तयार करावं लागतं, म्हणजे इफला काही विचारायच्या आधीच नेम वाचायला गेलेला असतो. सॉलिड नावाच्या तशाच दुसऱ्या लायब्ररीत 'शो' आणि 'फॉर' असे तयार कंपोनंट मिळतात, तिथे हे होत नाही. का, ते कळायला जरा मागे जाऊया.

टॅगातला इफ काही नवीन नाही. कोल्डफ्यूजन हे सर्व्हरवर पेज बनवायचं साधन १९९५ चं, त्याची तर अख्खी भाषाच टॅगांची, सीएफ-इफ, सीएफ-एल्स, सीएफ-लूप. कारण सरळ होतं, एचटीएमएल लिहिणाऱ्याला प्रोग्रामर न होता पेज हलतं करता यावं. त्याच वर्षी आलेल्या पीएचपीने उलटा रस्ता धरला, एचटीएमएलच्या मधेच कोड घुसवा, आणि मायक्रोसॉफ्टचं एएसपी, जाव्हाचं जेएसपी त्याच वाटेने गेले. मग जेएसपीची फाइल उघडली की कुठला क्लोजिंग ब्रॅकेट कुठल्या इफचा हे शोधताना डोळे फुटायची वेळ, म्हणून २००२ मध्ये जेएसटीएल हा तयार टॅगांचा संच आला आणि जाव्हावाले परत टॅगांवर. गंमत म्हणजे त्यांच्या इफला एल्सच नाही! कोल्डफ्यूजनचा एल्स क्लोजिंग टॅगशिवाय मधेच बसायचा, एक्सएमएलच्या शिस्तीत ते चालत नाही, त्यामुळे एल्स हवा तर चूझ, व्हेन, अदरवाइज असं तीन टॅगांचं लटांबर. एक्सएसएलटी या एक्सएमएलचं रूप बदलायच्या भाषेत १९९९ पासून हेच तीन शब्द होते.

मग सोवळं आलं. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पेजच्या साच्यात, लॉजिक नकोच म्हणत २००९ मध्ये मस्टॅश नावाची टेम्प्लेटची भाषा आली, त्यात इफ पण नाही आणि फॉर पण नाही, एकच 'सेक्शन'. लिस्ट दिली तर फिरतो, खोटं दिलं तर गायब होतो. मला ती कल्पना अजून आवडते, पण रोजच्या कामात टिकणं अवघड होतं, वर्षभरात त्याच्यावरच बेतलेलं हँडलबार्स आलं आणि इफ-ईच (ईच म्हणजे फॉरच) मागच्या दाराने परत.

तोवर हे सगळं ब्राउझरमध्ये यायला लागलेलं, आणि इथे खरा फरक पडला. सर्व्हरवरचा लूप एकदा फिरला, मजकूर पाठवला, विषय संपला. ब्राउझरमध्ये तोच लूप जिवंत राहतो, लिस्टमधून तिसरी ओळ उडवली तर स्क्रीनवरची नेमकी कुठली ओळ काढायची हे त्याला कळलं पाहिजे. अँग्युलरजेएस या ब्राउझरमधल्या फ्रेमवर्कच्या एनजी-रिपीट या लूपमध्ये एकसारख्या दोन व्हॅल्यू आल्या की 'ड्यूप्स'चा एरर यायचा, मग सगळे कुठूनतरी 'ट्रॅक बाय इंडेक्स' (ओळ तिच्या क्रमांकावरून ओळख) उचलून चिकटवायचे, एरर गप्प. एनजी-इफ तर १.२ व्हर्जनमध्ये, २०१३ ला आला, आधी एनजी-शो वापरायचो जो फक्त सीएसएसने लपवतो, घटक तिथेच असतो. व्ह्यू या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये व्ही-इफ आणि व्ही-फॉर एकाच टॅगवर लिहिले तर व्हर्जन दोनमध्ये फॉर आधी चालायचा आणि तीनमध्ये इफ आधी, अपग्रेड करताना ज्याला हे नडलं त्यालाच माहीत.

रिअ‍ॅक्टने २०१३ मध्ये सांगितलं की टेम्प्लेटची भाषाच नको, जाव्हास्क्रिप्टचे मॅप (लिस्टमधल्या प्रत्येक वस्तूवर फंक्शन चालवणारा) आणि टर्नरी आहेतच की. बरोबरच होतं म्हणा, पण मग लिस्टच्या लेंग्थनंतर दोन अँपरसँड ('हे खरं असेल तर पुढचं दाखव') टाकले की रिकाम्या लिस्टच्या जागी स्क्रीनवर एकटा ० येऊन बसतो. आणि ओळ ओळखायची 'की' म्हणून इंडेक्स, म्हणजे नुसता क्रमांक, दिला की पहिली ओळ डिलीट केल्यावर तिच्या इनपुटमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या ओळीत उतरतं.

सॉलिडचं १.० व्हर्जन २०२१ चं. तिथे कंपोनंटचं फंक्शन एकदाच चालतं, परत परत रेंडर होत नाही, त्यामुळे साधा मॅप लिहिला तर लिस्ट जराशी बदलली तरी सगळ्या ओळी नव्याने बनतात. म्हणून 'फॉर', जो प्रत्येक वस्तूची ओळ धरून ठेवतो आणि वस्तू हलली तर तीच ओळ उचलून हलवतो, आणि 'इंडेक्स', जो जागा धरून ठेवतो आणि आतली व्हॅल्यू बदलतो, आकड्यांच्या नाहीतर इनपुटच्या लिस्टला हा बरा. आणि 'शो'चं म्हणाल तर सॉलिडचा कंपायलर चिल्ड्रन गेटरमध्ये, म्हणजे मागितल्यावरच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, गुंडाळून पाठवतो, कंडिशन खरी ठरल्यावरच शो ते उघडून बघतो. माझ्या इफला नेमकी हीच सोय नव्हती.

अँग्युलरने (अँग्युलरजेएसचा पुढचा अवतार) नोव्हेंबर २०२३ मध्ये, १७ व्या व्हर्जनला, चांदणीवाले एनजी-इफ, एनजी-फॉर बाजूला सारून ॲटच्या खुणेचे इफ आणि फॉर आणले. त्या फॉरमध्ये ट्रॅक, म्हणजे ओळ कशावरून ओळखायची ते, लिहिलं नाही तर कोड कंपाइलच होत नाही. इंडेक्स दिलेला मात्र अजूनही चालतो.